आधी साखर

त्या दिवशी साबण आधी पडला, आणि तो माझ्या हातून पडला. हे एवढंसं वाक्य या डिसेंबरपर्यंत मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, आई होती तोवर आईलाही नाही. सतरा वर्षं ते माझ्यापाशी आहे. एरवी गप्प असतं. डिसेंबर लागला, आमच्या बेव्हर्ली पार्कातल्या दुकानांपुढे कागदी चांदण्या टांगल्या गेल्या आणि संध्याकाळच्या वाऱ्याला खाडीकडची खारट थंडी आली, की ते आत हलायला लागतं.

यंदा ते जुईमुळे हललं. जुई माझी मुलगी, कॉलेजात आहे. रविवारी दुपारी तिनं मोबाइल ओट्यावर उभा करून कॅरामल पुडिंग करायला घेतलं. अंडी फोडली, त्यात गरम दूध ओतलं, आणि पातेल्यात पिवळ्या गाठीच गाठी तरंगायला लागल्या.

"बाबा, हे बघ ना! पुडिंगची भुर्जी झाली!"

मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो, "आधी साखर. अंड्यात आधी साखर फेटायची, मग गरम दूध, तेसुद्धा बारीक धारेनं."

"तुला काय माहीत? तुला चहा करता येत नाही."

"एका बाईंनी सांगितलं होतं."

"एका बाईंनी! आई, ऐकतेयस ना? एक बाई होत्या!"

दोघी खूप हसल्या. मीही हसलो. पण पेपरातली अक्षरं मला दिसेनाशी झाली होती. डोळ्यांसमोर एक पांढरी थाळी आली होती, आणि त्या थाळीवर हळूहळू उमटत जाणारा एक चंद्र.

त्या चंद्राबद्दल आधी सांगायला हवं.

भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकच्या अलीकडे, एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा होता. खाली स्टीलचे डबे ठोकणारे, शेजारी इमिटेशन ज्वेलरीला मुलामा देणारे, आणि वरच्या मजल्यावर आम्ही. दारावर पाटी होती 'बायोटेक', आणि आत चार टेबलं, एक जुना फ्रिज, एक घरघरणारं यंत्र आणि मी. आमचे शेठ आधी साड्यांच्या धंद्यात होते. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की माशाच्या आतड्यात एक प्रथिन असतं, जखमेवरची मेलेली कातडी ते खाऊन टाकतं आणि जिवंत कातडीला हात लावत नाही. त्याचं मलम करता येईल. उत्तनच्या धक्क्यावर तर ही आतडी रोज फेकूनच देतात. शेठना ते फुकटचं सोनं वाटलं, आणि ते सोनं काढायला त्यांनी मला ठेवलं.

काढायचं कसं, तर साबणानं. प्रयोगशाळेत त्याला मोठं नाव आहे, पण आम्ही साबणच म्हणायचो, कारण काम साबणाचंच. ते प्रथिन पेशीच्या चरबीत रुतून बसलेलं असतं. पाण्यानं ते सुटत नाही. साबण चरबी सोडवतो आणि प्रथिन बाहेर आणतो. फक्त बाहेर आणता आणता त्याची घडीही मोडून टाकतो. प्रथिन म्हणजे एक लांबलचक धागा, स्वतःभोवती एका ठराविक रीतीनं गुंडाळलेला. त्या गुंडाळण्यातच त्याचा सगळा जीव. घडी मोडली की धागा तोच राहतो, जीव जातो.

जीव आहे की गेला, हे बघायला मी काचेच्या थाळ्यांत दूध घातलेल्या जेलीचा पांढरा थर करायचो. त्यावर आमच्या अर्काचा एक थेंब. प्रथिन जिवंत असलं तर ते दूध पचवायला लागतं, आणि चार-पाच तासांत थेंबाच्या जागी थर विरघळून गोल, आरपार दिसणारी खिडकी पडते. तोच चंद्र. मेलेलं असलं तर थाळी तशीच पांढरी. सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत आमच्या थाळ्या पांढऱ्याच होत्या.

चंद्र हे नाव हिल्डाबाईंनी ठेवलं.

हिल्डाबाई उत्तनच्या. चाळिशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, कपाळावर बारीक घाम, गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटा क्रूस. नवऱ्यानं आजारपणात होडी विकली होती, तेव्हापासून त्या कामाला बाहेर पडल्या. पहाटेच्या लिलावातून त्या आमच्यासाठी आतडी गोळा करायच्या, होडीवर नेतात त्या चुरा बर्फात पुरून डबा बसमधून आणायच्या, आणि मग दिवसभर आमचं काचसामान धुवायच्या. बसमध्ये त्यांच्याशेजारी कुणी बसत नसे. "बरा हाय," त्या म्हणायच्या, "मना दोन शिटा मिलतात."

त्यांचं धुणं बघत राहावंसं वाटायचं. साबण एकदा, मग वाहत्या नळाखाली तीन पाणी, मग साधं गाळलेलं पाणी, मग प्रत्येक फ्लास्क उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायचा. काचेवर पाणी थेंबाथेंबानं थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून. सलग पातळ पडद्यासारखं घसरलं, तरच ती काच त्यांच्या लेखी स्वच्छ. हे त्यांना मी शिकवलं नव्हतं. घरच्या काचा त्या तशाच धुवायच्या, नाताळच्या आधी, वाईनचे ग्लास.

दुपारच्या उन्हात, खिडकीच्या चौकटीत, एक डोळा मिटलेली ती बाई आणि तिच्या हातात धरलेला उजेड. तो हंगाम आठवायला गेलो की पहिल्यांदा हेच येतं. मागे लांबवर मिठागरांचे पांढरे चौकोन. आणि पश्चिमेचा वारा असला तर बोंबलाचा वास. उत्तनला तेव्हा बांबूंच्या वलांडीवर बोंबील टांगायला सुरुवात झालेली असायची, रांगांवर रांगा, जबड्यात जबडा अडकवून. इतक्या लांब वास येतो का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "वास न्हाय येत सर, मीच घेऊन येते." आणि स्वतःच्या बाहीचा वास घेऊन खळखळून हसल्या.

रोज संध्याकाळी निघताना थाळ्यांकडे बघून विचारायच्या, "उगवला काय चांद?"

"नाही, हिल्डाबाई."

"अवस हाय अजून."

त्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेठ वर आले. थाळ्या बघितल्या. "देखो, मैंने तीन महीना कुछ बोला नहीं. जनवरी में पार्टी देखने आएगी. तब भी ये सफेद प्लेट दिखाओगे क्या?" ते गेले. हिल्डाबाई मोरीशी उभ्या होत्या, सगळं ऐकलेल्या. त्यांनी नळ बंद केला. मग त्या म्हणाल्या, "सर, एक बोलू? हसायचा न्हाय."

"बोला."

"माझी सासू नाताळला पुडिंग करते. अंड्यात गरम दूध गेला की अंडा फाटतो. मग ती आदी साखर फेटते अंड्यात. साखर असली का गरम दूध टाका, न्हाय फाटत. तुमचा पन अंड्यासारखाच हाय ना? तुमी सरळ साबण वतताव त्याच्यावर. बिचाऱ्याला काय तरी द्या आदी."

मी हसलो. न हसण्याचं कबूल करूनही हसलो. माझ्यापाशी दोन पदव्या होत्या आणि त्यांच्यापाशी सासूचं पुडिंग. पण त्या गेल्यावर हात आपोआप साखरेच्या बरणीकडे गेला. चहाची बरणी ती. बर्फात ठेवलेल्या आतड्यांच्या लगद्यात साखर विरघळवली, ती सगळीकडे पोचेपर्यंत वाट बघितली, आणि त्यानंतर साबण घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पांढऱ्या थाळीवर आधी एक मळभासारखा ठिपका आला. मग ठिपक्याची कड उजळली. मग तो हळूहळू, डोळ्यांना कळेल न कळेल असा, मोठा होत गेला. हिल्डाबाईंनी साबणाचे हात पदराला पुसले, थाळी अलगद उचलली आणि त्या आरपार खिडकीतून माझ्याकडे बघितलं. "सर, तुमी दिसताव!"

साखर हे कसं करते, ते मी नंतर वाचून काढलं. आपल्याला वाटतं ती प्रथिनाला बिलगत असेल, पांघरूण घालत असेल. तसं नाही. साखर प्रथिनापासून जराशी लांबच राहते. ती पाण्यात मिसळते, पण प्रथिनाच्या अगदी अंगाशी जात नाही. आणि तिच्या त्या अंतर राखण्यामुळेच प्रथिनाला उघडं पडणं परवडत नाही. ते स्वतःला अधिक घट्ट आवरून घेतं. साबण आला तरी घडी सोडत नाही. मात्र साखर आधी यावी लागते. एकदा घडी मोडल्यावर पोतंभर साखर ओतली तरी धागा परत गुंडाळला जात नाही. गोड पाण्यात मेलेलं प्रथिन, एवढंच उरतं.

हे वाचलं तेव्हा मला फार आवडलं होतं. वाटलं होतं, आपण स्वभावानं असेच, कुणाच्या अंगाशी न जाणारे. लांब राहूनही माणूस कुणाच्या तरी उपयोगी पडतो. आता ते पान मी उघडत नाही. मी लांब राहिलो खरा. माझ्या लांब राहण्यानं कुणाचीही घडी वाचली नाही.

शेठना मी सांगितलं, "साखरेची कल्पना सुचली." कुणाला सुचली, ते वाक्यात नव्हतं. मराठीत अशी वाक्यं करता येतात, आणि मी आयुष्यभर करत आलो आहे. शेठ खूश झाले. "वाह! साबुन में शक्कर! हमारे बाप-दादा को बोलते तो घर से निकाल देते!" मग पेटंटची कागदपत्रं तयार झाली. शोधकाचं नाव या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. खाली आणखी एका नावाची जागा होती. तिथे मी एक आडवी रेघ मारली, पट्टी लावून, सरळ.

हिल्डाबाईंनी नाताळला घरून पुडिंग आणलं, स्टीलच्या डब्यात, थरथरणारं. "सासूनं दिला. बोलली, तुझ्या सरला दे, आपल्या साखरेचा सर." मी दोनदा घेतलं. डबा परत देताना धुवायला गेलो, तर त्यांनी हातातून ओढून घेतला. "तुमी न्हाय धुवायचा. तुमच्या धुण्याचा काय भरवसा!"

हे वाक्य पुढे मला किती दिवस ऐकू येत राहिलं.

जानेवारीत पार्टी यायची होती. सकाळी अकराला येणार होते ते आदल्या दिवशीच दुपारी येतो म्हणाले. मी घाईत अर्क करायला घेतला. शेठचे सारखे फोन. हिल्डाबाईंनी धुतलेले फ्लास्क रांगेत उपडे होते. मी लगदा घेतला, बर्फात ठेवला, मोजलेला साबण उचलला आणि ओतला. ओतून झाल्यावर माझी नजर बाजूच्या वाटीवर गेली. साखर वाटीतच होती.

त्या क्षणी काय करता आलं असतं? सगळं फेकून पुन्हा करता आलं असतं. दोन तास गेले असते. पाहुण्यांना थांबवता आलं असतं, चहा पाजता आला असता. मी वाटीतली साखर त्यावर ओतली आणि ढवळलं. आपल्याला माहीत असतं, आणि तरीही आपण ढवळतो. कुणी बघितलं नाही, हे मी आधी बघून घेतलं. हिल्डाबाई खाली बर्फ आणायला गेल्या होत्या.

पाहुणे आले, मी थाळ्यांवर थेंब ठेवले, ते शेठबरोबर जेवायला गेले, संध्याकाळी परत आले. थाळ्या पांढऱ्याच. त्यांच्यातला एक चष्मेवाला नम्रपणे म्हणाला, "कोई बात नहीं, होता है." ते गेल्यावर शेठ माझ्याकडे वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात विचारलं, "क्या हुआ, साहब?"

मी म्हणालो, "काचसामानात धुण्याचा साबण राहिला असेल. तो फार कडक असतो."

एवढंच. पटण्यासारखं होतं. आमचा साबण सौम्य, थेंब मोजून घातलेला. धुण्याचा खरोखरच कडक. प्रथिनाचा जीव घ्यायला त्याचा एक पुसट थर पुरतो. खोटं बोलताना मी शास्त्रात एक चूकही केली नाही.

शेठनी हिल्डाबाईंना बोलावलं. त्या ओल्या हातांनी आल्या. साबण राहिला, उद्यापासून येऊ नका, हे ऐकून घेतलं. मग शेठना सोडून माझ्याकडे वळल्या.

"सर, मी तीन पान्यांनी धुते. तुमी बगितलाव ना?"

त्यांनी विनवणी केली नव्हती, साधा प्रश्न विचारला होता, साक्षीदाराला विचारतात तसा. मी टेबलावरची वही उघडली आणि तिच्यात काहीतरी शोधायला लागलो. पानं उलटत राहिलो. वहीत काही नव्हतं. वर बघितलं तेव्हा त्या मोरीवरचा आपला टॉवेल घडी करून पिशवीत ठेवत होत्या. उरलेले फ्लास्क त्यांनी धुतले, एकेक उजेडाकडे धरला, उपडा ठेवला, आणि मगच गेल्या.

पुढच्या आठवड्यात मी आधी साखर घातली. चंद्र उगवला. शेठ म्हणाले, "देखा? बाई गयी, काम सुधरा." मी पुढच्या थाळीवर थेंब ठेवला.

महिन्याभरानं एका हॉस्पिटलच्या लॅबमधून फोन आला. हिल्डाबाईंनी तिथे काचसामान धुण्याच्या कामासाठी अर्ज केला होता आणि माझं नाव सांगितलं होतं. इतकं झाल्यावरही माझंच नाव. पलीकडची बाई म्हणाली, "त्यांचं धुणं स्वच्छ आहे ना? आमच्याकडे रक्ताचं काम असतं." खिडकीत ऊन होतं. उपडे फ्लास्क होते, ते आता मीच धुवायचो, आणि त्यांच्यावर पाणी थेंबाथेंबानं थांबलेलं असायचं. मी म्हणालो, "बाई प्रामाणिक आहेत." ती म्हणाली, "ते ठीक आहे हो, पण स्वच्छता?" मी थोडा थांबलो. त्या थांबण्यातच तिला उत्तर मिळालं. "कळलं," ती म्हणाली, आणि आभार मानून फोन ठेवला.

तो गाळा आता नाही. शेठनी ती प्रक्रिया दुसऱ्या कुणाला दिली आणि ते पुन्हा साड्यांत गेले. मी दोन नोकऱ्या बदलल्या. डोक्यावर केस कमी झाले, मिठागरांकडे बघायची खिडकी गेली, समोर टॉवर आले. पण डिसेंबरची दुपार कलायला लागली, की अजूनही कुठूनतरी नळाचं पाणी ऐकू येतं. एक, दोन, तीन. मी आंघोळीचा लोटासुद्धा तीन पाण्यांनी धुतो. बायको म्हणते, "तुम्हाला काय ते वेड लागलंय, म्युनिसिपालिटीला तरी दया दाखवा." मी नळ बंद करतो.

चार वर्षांपूर्वी त्या मला दिसल्या. भाईंदर पश्चिमेच्या बाजारात, सुक्या मासळीच्या ओळीत. केस पांढरे झालेले, पुढ्यात बोंबील, जवळा, वाकटी. शेजारी सून बसलेली, कडेवर मूल घेऊन. मी मागे फिरायच्या आत हाक आली.

"सर! ओ सर! बगा, वळकला मी!"

जावंच लागलं. "बऱ्या आहात ना, हिल्डाबाई?"

"बरी हाय. सासू गेली. पुडिंग आता ही करते," सुनेकडे बोट करत त्या म्हणाल्या. "गाठी होतात तिच्या. सांगून सांगून तोंड दुखला. तुमी अजून घालता ना साखर?"

"घालतो."

"आदी?"

त्यांच्या डोळ्यांत मी बघितलं. त्यांना माहीत होतं का? मला आजही सांगता येत नाही. त्या बोंबील मोजत होत्या, मोजता मोजता विचारलं होतं. सुनेनं हसत विचारलं, "तेच काय हे सर? ज्यांनी तुमाला धुवायला येत न्हाय म्हनून काढला?"

"गप," हिल्डाबाई म्हणाल्या. "सरांनी न्हाय काढला. शेठनं काढला."

कागदात बांधलेल्या बोंबलांवर त्यांनी आणखी चार ठेवले. मी काहीतरी बोलणार होतो. तोंड उघडलंही होतं. मागून एक बाई म्हणाली, "भाईसाब, जरा साइड," आणि मी बाजूला झालो. बाजूला होता होता रिक्षा स्टँडपर्यंत गेलो. त्या दिवशी घरी बोंबलाचं कालवण झालं. सगळ्यांना आवडलं. मी वरणभात जेवलो.

सतरा वर्षं त्यांच्या घरात, दर नाताळच्या आधी, काचेचे ग्लास उजेडाकडे धरताना कुणीतरी ते थट्टेनं म्हणत असणार: हिला धुवायला येत नाही म्हणून काढली. आणि त्या गप म्हणत असणार. तिसरं पाणी झाल्यावरही चौथं घेत असतील का, एवढंच मनात येतं. माझ्या एका वाक्यामुळे त्यांच्या स्वतःच्या हातांवरचा त्यांचा भरवसा उडाला नसेल ना. तसं झालं असेल, तर नंतर साखर कितीही ओता, घडी परत बसायची नाही.

जुईचं दुसरं पुडिंग जमलं. सुरी फिरवून तिनं ते ताटलीत उलटं केलं, ते थरथरलं आणि थांबलं, अखंड. "त्या बाईंना थँक्यू सांग माझं," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, थट्टा सोडून, "बाबा, काय झालं?"

मी तिला सांगितलं. सगळं, पट्टी लावून मारलेल्या रेघेपासून फोनवरच्या त्या थांबण्यापर्यंत. इथे लिहिलंय त्याच क्रमानं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. कुणी मला धीर दिला नाही, आणि ते बरं झालं. पुडिंगची ताटली बाजूला सारून जुई म्हणाली, "पण हे तू आम्हाला कशाला सांगतोयस?"

ती चुकीचं बोलली नाही. हे हिल्डाबाईंना सांगायचं होतं; तिला नव्हे, तुम्हालाही नव्हे.

तेव्हा एवढंच. हिल्डाबाईंना मी दोन वाक्यं देणं लागतो. साखर तुमची होती. काच स्वच्छ होती. ही वाक्यं उत्तनला, त्यांच्या दारात, त्यांच्या सुनेच्या देखत, मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणायची आहेत. अजून म्हटलेली नाहीत.